आठ मीटर पाण्यातला रोहिदास

अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, उरलेली तीन बोटं ताठ ठेवायची. पाण्याखाली याचा अर्थ होतो : ठीक. विचारणारा हीच खूण करतो आणि उत्तर देणाराही हीच.

*

देवबागेत समुद्र आणि खाडी यांच्यामधली जमीन दरवर्षी थोडी थोडी जाते आहे. आता काही घरांच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी.

*

रिकामी बाटली बूच लावून दहा मीटर खाली नेली, तर कुणीतरी मुठीत आवळल्यासारखी चेपते. तीच बाटली खाली नेऊन पाणबुड्याच्या नळीतल्या हवेने भरली आणि बूच घट्ट लावून वर आणली, तर वाटेत फुगून फुटायला येते. म्हणून पाणबुड्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात : श्वास कधी रोखायचा नाही.

*

बाराव्याला खवणेकरांच्या घरी माणसं येत-जात होती. पुरुष ओट्यावर, बायका आत. एक बाई माडाखाली उभी होती, पायात चपला तशाच. तिला कुणी आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

*

ऑक्टोपस रंग बदलतो तेव्हा त्याच्या कातडीवरून ढगाची सावली सरकल्यासारखी दिसते. ते बघायचं असेल तर बघणाऱ्याला दगडासारखं स्तब्ध राहावं लागतं.

*

"ह्येका नाक कित्याक नाय?"

(दोन तर्जन्या जोडून : जोडीने राहा)

प्रणिता मेथर आणि रोहिदास खवणेकर यांची जोडी बारा वर्षं टिकली. मालवणात हे वाक्य उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, आणि सांगणाऱ्याला घाईघाईने पुस्ती जोडावी लागते : तशी नव्हे हो, पाण्यातली.

पाण्यातल्या जोडीचे नियम साधे. उडी मारण्याआधी एकमेकांचे पट्टे ओढून बघायचे, सिलिंडरची चावी पूर्ण उघडी आहे ना ते बघायचं. खाली गेल्यावर दुसरा कायम नजरेच्या टप्प्यात हवा. प्रत्येकाच्या जॅकेटला एक जादा नळी असते, पिवळी. ती आपल्यासाठी नसते. आपल्या पाठीवरच्या हवेत दुसऱ्याचाही वाटा आहे असं धरूनच परतायची वेळ ठरवायची.

जमिनीवर दोघं फारसं बोलत नसत. बोटीची बॅटरी, लाटांचा अंदाज, पर्यटकांच्या तक्रारी, एवढंच. रोहिदासला देवबागेत घर होतं, बायको होती, दारात आंब्याची कलमं होती. प्रणिताला धुरीवाड्यात एक खोली होती. बोट धक्क्याला लागली की तो स्कूटरवरून दक्षिणेला जाई आणि ती चालत उत्तरेला. निरोप घ्यायची पद्धत नव्हती. उद्या पुन्हा पट्टे ओढायचेच होते.

मग निवतीच्या खडकापाशी एका सकाळी ते झालं. पाण्यात शिरलं की दाबामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण रक्तदाब चढलेला असला, वय पन्नाशीकडे झुकलेलं असलं, तर त्या ओझ्याने फुप्फुसांत पाणी झिरपू शकतं. समुद्राचं नव्हे, त्या माणसाच्याच रक्तातलं. तोंडात नळी असते, नळीतून हवा येते, हवा आत जातेही, आणि तरी माणूस गुदमरतो. प्रणिताने विचारलं, ठीक? रोहिदासने खूण केली, ठीक. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने तोंडातली नळी थुंकली.

करायचं असतं ते सगळं तिने केलं. नळी परत तोंडाला दाबली, मागून धरून वर आणलं, कमरेची वजनं सोडली, पाण्यातच तोंडाला तोंड लावून श्वास दिले, बोटीवर छाती दाबत राहिली, ऑक्सिजन लावला. रोहिदास वाचला नाही. चौकशीत तिचं कौतुक झालं. दोघं जिथे नोकरीला होती त्या पाणबुडी केंद्राने तिला आठवडाभराची रजा दिली आणि रजेनंतर नवा जोडीदार.

देवबागेत दर्शनाकडे, म्हणजे रोहिदासच्या बायकोकडे, महिनाभर माणसं जात होती. धुरीवाड्यात कुणी आलं नाही. कुणी यावं असं काही घडलंच नव्हतं.

(दोन बोटं डोळ्यांकडे : इकडे बघ)

त्याच वर्षी केंद्रात पुतळा आला.

सांगाडा हलका, त्यावर पाण्याने फुगणारे रबरी स्नायू, छातीत दोन पिशव्या, नळी पकडू शकणारा जबडा. नाक नव्हतं, कारखान्याला त्याची गरज वाटली नसावी. हल्ली पाणबुड्यांच्या पोशाखांच्या शिवणींत संवेदक असतात. श्वास, नाडी, कुठला स्नायू किती आवळला, मान कधी वळली, सगळं टिपलं जातं. अपघात झाला की ती नोंद पुतळ्यात भरता येते. मग तलावाच्या आठ मीटर पाण्यात पुतळा तो अपघात पहिल्यापासून जगतो, आणि शिकणाऱ्यांनी त्याला वाचवायचं.

नुसती नक्कल असती तर त्यात विशेष नव्हतं. पण शिकणाऱ्याने हात लावला की जुनी नोंद निकामी होते, कारण त्या दिवशी त्या क्षणी तसा हात लागलेलाच नव्हता. तिथून पुढे पुतळा अंदाज बांधतो : या माणसाला असं धरलं तर तो काय करेल? अंदाजासाठी त्या माणसाच्या आधीच्या बुड्या लागतात. पर्यटकाच्या नावावर एखाद-दुसरी बुडी असते. त्यामुळे पर्यटकाचा पुतळा हात लागताच कुणीही होऊन जातो, चारचौघांसारखा हातपाय झाडणारा. रोहिदासच्या नावावर वर्षानुवर्षांच्या बुड्या होत्या. हात लावल्यावरही रोहिदास रोहिदासच राहत असे.

प्रणिताला हे पहिल्याच दिवशी कळलं. तिने मागून धरलं आणि पुतळ्याचा डावा खांदा खाली कलला. नांगर ओढताना दुखावलेला तो खांदा तसाच कलायचा. कलला की शरीर फिरायचं आणि पकड सुटायची. म्हणून तिने तिथल्या तिथे एक उपाय काढला : गुडघा त्याच्या कमरेला टेकवून डावीकडे हलकासा रेटा द्यायचा. शरीर सरळ झालं. पुतळ्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे माणूस वाचला.

ती वर आली, तलावाचा काठ धरला आणि वाट बघत उभ्या असलेल्या तंत्रज्ञांना म्हणाली, "बरा आहे. चालेल."

नव्या पाणबुड्यांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीला तिने रोहिदासच दिला. कुणी कारण विचारलं असतं तर कारण तयार होतं, सगळ्यात भरलेली नोंद तीच होती. कुणी विचारलं नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की ती एकटी तलावात उतरायची आणि त्याला वाचवायची. डबा बहुतेक वेळा तसाच घरी जाई.

(अंगठा वर : वर चला)

तिच्या तुकड्यांतला सगळ्यात तरबेज म्हणजे ब्रूनो फर्नांडिस. चिवल्याचा, मासेमारीच्या घरातला, तोंडाचा फटकळ.

"याला विचारा, ठीक आहेस का," प्रणिता काठावर बसून सांगे. "हा ठीक म्हणेल. विश्वास ठेवायचा नाही."

"मगे इचारूचा कशाक, मॅडम?"

"त्याचा हात बघायला. कोपर उचललं नाही, बोटं सावकाश जुळली, बाकीचं अंग स्तब्ध. दोनदा असं दिसलं की प्रश्न संपले. मागून धर, नळी दाबून ठेव, रेटा दे आणि वर."

"माझी बायल पण अशीच ठीक म्हणता. कोपर न उचलता. तिका पण उचलू?"

"उचलून बघ. ती वर येईल, तू खाली राहशील."

तुकडी हसली. ब्रूनो पाण्यात शिरला आणि रोहिदासला वाचवून आला. पुढे पुढे तर रोहिदासने नळी थुंकायच्या आतच तो त्याला धरू लागला. प्रणिताने त्याला शाबासकी दिली. अशा शिकवून तयार केलेल्या मुलामुलींनी वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत बोटींवर नोकऱ्या धरल्या.

वर्षभराने ब्रूनोबरोबर पाण्यात पर्यटक म्हणून वृंदा मगदूम होत्या. इचलकरंजीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, पोहण्यात पक्क्या. खडकाच्या कपारीत त्यांना ऑक्टोपस दिसला. तो रंग बदलत होता. त्यांनी हातपाय आवरले, श्वास हळू केला आणि बघत राहिल्या. ब्रूनोने विचारलं, ठीक? त्यांनी उत्तर दिलं, पण कोपर न उचलता, सावकाश. मोठी हालचाल केली असती तर प्राणी पळाला असता. ब्रूनोने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तसंच उत्तर दिलं.

ब्रूनो मागून आला. त्याने त्यांना धरलं, नळी तोंडावर दाबली आणि वर निघाला.

दचकलेला माणूस श्वास रोखतो. वृंदाबाईंनीही रोखला. वर येताना पाण्याचा दाब उतरत गेला, छातीत कोंडलेली हवा फुगत गेली, फुप्फुस कुठेतरी बारीकसं फाटलं आणि हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूकडे गेला. बोटीवर त्यांना डावा हात उचलता येईना. बोलणं जड झालं.

पुढचं ब्रूनोने बिनचूक केलं. त्यांना सपाट झोपवलं, उठू दिलं नाही, शुद्ध ऑक्सिजन लावला, जाग आहे ना ते बोलत ठेवून तपासलं, गोव्याच्या दाबकक्षाला कळवलं. तिथे नेऊन त्यांना पुन्हा दाबाखाली ठेवलं म्हणून त्या वाचल्या. डॉक्टरांनी ब्रूनोच्या प्रथमोपचारांची तारीफ केली. ज्या अपघातावर ते उपचार केले तो त्यानेच घडवला होता.

(तळहात आडवा, डुलता : काहीतरी गडबड आहे)

"पोरगा घाबरला," केंद्राचे संचालक पेडणेकर म्हणाले. ते नौदलातून निवृत्त झालेले होते आणि वाक्यं छोटी बोलत. "घाबरला आणि घाईने वर आणलं. परवाना जाणार. त्याला इलाज नाही." मग आवाज बदलून म्हणाले, "दुसरी बातमी चांगली आहे. रोहिदासची नोंद सगळी केंद्रं मागतायत. पुढच्या महिन्यात द्यायची. आपला रोहिदास अंदमानपर्यंत जाईल, प्रणिता."

संध्याकाळी ब्रूनो तिच्या खोलीवर आला. आत बसला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला.

"मी घाबरूक नाय, मॅडम. तुम्ही शिकवलात तसाच केलंय."

"माहीत आहे मला."

"मगे ती बाय वाचली कशी नाय? म्हणजे, वाचली. पण ती मरतच नव्हती ना!"

तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा मध्येच थांबला. पाण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं.

ब्रूनोच्या पोशाखानेही त्या दिवशीची नोंद केली होती. चौकशीसाठी ती केंद्रात आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणिताने ती पुतळ्यात भरली. या खेपेला पुतळा बुडणारा नव्हता, वाचवणारा होता. बुडणाऱ्याच्या जागी ती स्वतः जाऊन बसली, तळाजवळ, स्तब्ध.

पुतळा ब्रूनोसारखा लांब पाय मारत आला. समोर थांबून त्याने विचारलं. तिने वृंदाबाईंसारखं उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा दिलं. मग तो मागे गेला.

डावा हात सिलिंडरच्या मानेवर. उजव्या हाताची दोन बोटं नळीवर, अंगठा हनुवटीखाली. तिला जाणवलं की ही पकड ब्रूनोची नाही, तिची आहे. मग कमरेला गुडघा टेकला आणि डावीकडे हलकासा रेटा बसला.

तो रेटा द्यायचं काहीच कारण नव्हतं. वृंदाबाईंचा खांदा कलत नव्हता. जगात एकच माणूस होता ज्याला धरलं की तो रेटा द्यावा लागे.

पुतळा तिला वर नेत होता. ती नियमाप्रमाणे श्वास सोडत राहिली. तिने शिकवलेली सगळी माणसं बुडणाऱ्याला कसं ओळखायचं ते शिकलीच नव्हती. ती फक्त रोहिदासला ओळखायला शिकली होती. सगळ्या किनाऱ्यावर, येईल त्या पर्यटकात, ती त्यालाच शोधत होती. पुढच्या महिन्यात अंदमानातही शोधू लागतील.

वर आल्यावरही पुतळ्याने तिला सोडलं नाही. ब्रूनोने त्या दिवशी सोडलं नव्हतं. दोन वर्षांत तिला कुणी असं धरलं नव्हतं, म्हणून तीही थोडा वेळ तशीच राहिली. मग मान मागे वाकवून तिने पुतळ्याची कळ बंद केली.

(तळहात गळ्यावरून आडवा : हवा नाही)

चौकशीच्या आदल्या आठवड्यात दर्शना आली. साडीचा पदर खोचलेला, हातात छत्री, दोन वर्षांत पहिल्यांदाच केंद्राच्या दारात.

"बाजारात म्हणतत, माझ्या घोवान त्या बायेक वर ओढल्यान."

"तसं नाही, वैनी."

"मगे कसा ता दाखय."

पुतळा उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, धक्क्याला बांधलेल्या होडीसारखा उभा होता. दर्शनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्येका नाक कित्याक नाय?"

"लागत नाही, वैनी."

"आमच्या ह्येंचा नाक केवढा होता! त्येच्यासाठी तरी दोन पैशाचा रबर घालूचा होता." ती स्वतःशीच हसली. मग साडीसकट पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. तिला पोहता येत नव्हतं. प्रणिता शेजारी उभी राहिली, रोहिदासची नोंद चालू केली आणि म्हणाली, "हात धरा."

पुतळ्याने हात धरून घेतला. थोड्या वेळाने त्याचा अंगठा दर्शनाच्या बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, पुढे आणि मागे.

दर्शनाचा चेहरा उतरला. "झोपेत असाच करीत," ती म्हणाली.

प्रणिताला हे माहीत नव्हतं. पाण्यात तो तसं सुरक्षा-दोरीवर करायचा.

"तू रोज भेटतंस ह्येंका."

"शिकवते, वैनी."

"तू काय करतंस ता मी इचारूक नाय. दोन वर्सां. माका कोणी सांगूक नाय, गो, की हात असा लागता म्हणान."

"मी बाराव्याला आले होते," प्रणिता म्हणाली.

"बगलंय मी. माडाखाली. माका वाटला, आत येशीत."

"मला कुणी..."

"माझ्या घरात येवक तुका आमंत्रण व्हया होता?"

पुतळ्याच्या छातीतल्या पिशव्या तेवढ्या भरत आणि रिकाम्या होत होत्या.

नोंद वापरायला घरच्यांची संमती दरवर्षी लागते. दर्शना निघताना म्हणाली, "ह्या वर्साची नको. कायमची देतंय. आणि केंद्र बंद असता तेव्हा माका येवक मेळात?"

"मंगळवारी," प्रणिता म्हणाली.

त्या मंगळवारी दर्शना आली. उथळ पाण्यात बसून तिने तासभर त्याचा हात धरला. मध्येच ती सांगे की तो घोरायचा कसा. प्रणिता सांगे की पाण्याखाली तो हसला की मुखवट्यात पाणी शिरायचं आणि मग त्याला ते फुंकून काढायला लागायचं. दर्शना एवढी हसली की तिला पायरी धरावी लागली. दोघींकडची माहिती जोडली तर एक माणूस पुरा होतो, असं प्रणिताला वाटून गेलं. पुढच्या मंगळवारचं दोघींनी ठरवलं.

चौकशी बुधवारी होती.

(तळहात समोर : थांब)

वृंदा मगदूम पडद्यावर होत्या, इचलकरंजीच्या घरून. शब्द एकेक करून येत होते. "मी ठीक होते," त्या म्हणाल्या. "मी तेच तर सांगत होते."

ब्रूनोने मान खाली घातली.

प्रणिता उठली. रेटा कुठून आला ते तिने सांगितलं, खांद्याचं सांगितलं, कोपर न उचलता केलेल्या खुणेचं सांगितलं. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे शिकवण्यात चूक," पेडणेकर म्हणाले.

"एकाच माणसावर शिकवण्यात, सर."

"मग बाकीच्या नोंदी वाढवू. रोहिदास त्यांतला एक."

"हात लागला की बाकीचे कुणीही होतात. लक्षात रोहिदासच राहतो. तो त्या पाण्यात असेपर्यंत शिकणारा दुसऱ्या कुणाला बघायचा नाही."

पेडणेकरांनी चष्मा काढला. "कायदा माहीत आहे ना? शरीराची नोंद शिकवण्यासाठी ठेवता येते. जवळ बाळगण्यासाठी नाही. वापरातून काढली की पुसावी लागते."

"माहीत आहे."

"तुला एक दिवस हवा असेल विचाराला, तर..."

"नको, सर. एक दिवस दिलात तर मी विचार बदलेन."

ब्रूनोचा परवाना राहिला. त्याने नव्याने प्रशिक्षण घ्यायचं, वेगवेगळ्या जिवंत माणसांबरोबर, असं ठरलं. तिने शिकवलेल्या बाकी सगळ्यांनीही. प्रणिताला शिकवण्यावरून काढून पुन्हा बोटीवर दिलं.

संध्याकाळी ती देवबागेला गेली. या वेळी चपला काढल्या आणि कुणी बोलावण्याची वाट न बघता आत गेली. दर्शना मागच्या दारी कोलंबी सोलत होती. प्रणिताने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दर्शनाचे हात थांबले नाहीत.

"संमती मी दिली होती," दर्शना म्हणाली.

"हो."

"कायमची."

"हो, वैनी."

"आणि तरी तूच पुसूक सांगितलंस."

"मीच," प्रणिता म्हणाली.

"झाला सांगून?"

"झालं."

"मगे जा."

(अंगठा खाली : खाली चला)

नोंद दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुसणार होते. जेवणाच्या सुटीत प्रणिता तलावात उतरली.

शिकवताना नोंद कधी पहिल्यापासून लावत नसत. बुडीचा सुरुवातीचा भाग निवांत असतो, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. त्यामुळे आजवर तो कुणी लावलाच नव्हता. तिने लावला.

पुतळा तळापासून हातभर उंचीवरून संथपणे पोहत होता, गोल, तलावाच्या कडेकडेने. त्याला कुठे जायचं नव्हतं. श्वास शांत होता. निवतीच्या खडकापाशी ती त्याच्या डावीकडे होती, म्हणून ती आत्ताही डावीकडे गेली. मधून मधून त्याची मान तिच्याकडे वळत होती, ती आहे ना ते बघायला, आणि पुन्हा सरळ होत होती. तेव्हा तिने याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. जोडीदाराची मान वळतेच.

पहिली फेरी संपायच्या सुमाराला तिने घड्याळ बघितलं. अजून वेळ होता. छातीत पाणी झिरपायला सुरुवात झालेली असणार, पण त्याला ते अजून कळलेलं नव्हतं.

मग त्याने थांबून तिच्याकडे वळून विचारलं, ठीक?

त्या दिवशी तिने ठीक म्हणून सांगितलं होतं. ती ठीकच होती. आत्ता तिने तळहात आडवा केला आणि डुलवला : काहीतरी गडबड आहे.

ही खूण नोंदीत नव्हती. इथून पुढे त्याला अंदाज बांधायचा होता, प्रणिताला काही झालं तर रोहिदास काय करेल याचा, आणि अंदाजाला बारा वर्षं होती. तो क्षणभरही अडखळला नाही. समोर आला, तिचा दंड धरला, नळी तोंडात नीट आहे ना ते बोटाने दाबून बघितलं आणि अंगठा वर केला. मग तिला घेऊन निघाला, अगदी सावकाश, आपल्या बुडबुड्यांच्याही मागे राहून. तोंडासमोर बोटांची चोच करून तो ती पुन्हा पुन्हा उघडत होता : सोड, श्वास सोड.

ती सोडत राहिली.

पाण्याबाहेर डोकी आली. पुतळ्याने तिचं जॅकेट फुगवलं, मग स्वतःचं फुगवायला हात नेला. पुतळ्याचा अंदाज इथे संपला. बुडी अर्ध्यावर सोडून दोघं वर आली होती, त्यामुळे त्या बुडीत कुणी मेलं नाही. छातीवरचा हिरवा दिवाही लागला नाही. वाचवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

काठावर तंत्रज्ञ येऊन उभा होता. "मॅडम, सुरू करू?"

"कर," प्रणिता म्हणाली आणि पुतळ्याचा दंड सोडला.

निवतीच्या खडकाला गेले त्या सकाळी दर्शनाने रोहिदासच्या डब्यात त्याला आणि प्रणिताला पुरतील एवढ्या आंबोळ्या भरल्या होत्या, रोजच्यासारख्या.